पैलवानाच्या कानाला टाके कशाला?

पत्र: डॉक्टर, नमस्कार. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावचे. धाकटा मुलगा १७ वर्षांचा, शहरात तालमीत राहतो. नऊ दिवसांपूर्वी लढतीत त्याचा डावा कान रगडला गेला आणि वरच्या भागात टम्म फुगला. गावातल्या डॉक्टरांनी सुईने दोनदा रक्त काढलं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. आता कानाचे डॉक्टर म्हणतात, चिरा देऊन आतलं काढावं लागेल आणि कानातून आरपार टाके घालून आठवडाभर ठेवावे लागतील. वस्ताद म्हणतात, राहू दे, मोडलेला कान ही पैलवानाची खूण. मला कळत नाही, काही फाटलेलंच नाही तर टाके कशाला? माझ्या जावेचा कान बुगडीपाशी फाटला होता तेव्हा विरघळणारा दोरा वापरला होता, इथे मात्र नायलॉनचा म्हणतात. जास्त पैसे भरून चांगल्यातला दोरा मागता येतो का? आणि तीन आठवड्यांवर जत्रेचं मैदान आहे, त्याची जोड ठरली आहे. खेळेल का तो?
– एक आई

ताई,

तुमचा प्रश्न सदर प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यासारखा नव्हता, म्हणून ‘उद्याच्या उद्या टाके घालून घ्या’ एवढं उत्तर तुम्हाला आधीच कळवलं. बाकीचं सविस्तर इथे लिहिते. असा फुगलेला कान घेऊन तालमीत वावरणारी पोरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरच्यांना पडणारे प्रश्नही साधारण हेच असतात.

‘काही फाटलेलं नाही’ असं तुम्ही म्हणता, तिथूनच सुरुवात करू. खालची मऊ पाळी सोडली तर बाकी सगळ्या कानाला आकार देणारा एक पातळ, लवचीक पत्रा आत असतो. कार्टिलेज, शाळेच्या पुस्तकात जिला कास्थी म्हणतात ती. या कास्थीत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना एक पातळ आवरण घट्ट चिकटलेलं असतं, रक्तवाहिन्या त्या आवरणात, आणि तिथून झिरपेल त्यावर कास्थी जगते. कानाच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून पाहा, थोडी हलते. पुढच्या बाजूची हलत नाही, कारण तिथे कातडी आवरणाला आणि आवरण कास्थीला चिकटून बसलेलं आहे, मध्ये चरबीचा थर नाही. खडाखडीत किंवा पट काढताना समोरच्याचं डोकं, दंड, मांडी कानावरून जोरात घासत गेली की कातडी आणि आवरण मिळून सरकतात, कास्थी जागेवरच राहते, आणि दोघांमध्ये फट पडते. आवरणातल्या बारीक वाहिन्या तुटतात, त्या फटीत रक्त साठतं. तेव्हा फाटलेलं आहेच, फक्त ते बाहेरून दिसत नाही.

साठलेलं रक्त तिथे नुसतं पडून राहत नाही. एक तर आवरण दूर गेल्यामुळे त्या बाजूने कास्थीचं पोषण तुटतं. आणि दुसरं, त्या आवरणात नवी कास्थी तयार करायची ताकद असते. आठवडा-दहा दिवसांत रक्ताच्या गाठीत तंतू शिरायला लागतात, पुढे त्यात वेड्यावाकड्या नव्या कास्थीचे गोळे धरतात, आणि कान जाड, गाठीगाठीचा, आक्रसलेला होतो. पैलवानाचा मोडलेला कान म्हणतात तो हाच. रोममधल्या एका संग्रहालयात बसलेल्या मुष्टियोद्ध्याचा एक प्राचीन ग्रीक ब्राँझचा पुतळा आहे, १८८५ मध्ये उत्खननात सापडलेला. त्याचे कान पाहिले तर तो कोल्हापूरच्या गंगावेस तालमीतून नुकताच उठून आलाय असं वाटेल. दुखणं इतकं जुनं आहे.

सुईने रक्त काढूनही पुन्हा का भरलं, हे आता लक्षात येईल. रक्त गेलं, पण फट तशीच उघडी राहिली. कान दाबून धरायला दुसरं काही नाही. डोक्याभोवती कितीही घट्ट पट्टी गुंडाळली तरी कानाच्या वळ्या-खोबणींत तिचा दाब सारखा बसत नाही. अगदी लहान फुगवटा असेल, एक-दोन दिवसांच्या आतला असेल, तर सुईने भागतंही कधी कधी. गावातल्या डॉक्टरांनी पहिल्या वेळी सुई वापरली यात काही गैर नाही. पुन्हा भरल्यावर मात्र तिसऱ्यांदा सुई घालण्यात अर्थ नव्हता, आणि दर खेपेला आत जंतू जाण्याची भीती वाढत होती.

म्हणून टाके. इथे टाक्यांचं काम दोन कडा जोडण्याचं नाही, ही फट मिटवण्याचं आहे. गोधडीला मध्ये मध्ये धावदोरा घातला नाही तर आतल्या चिंध्या सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. सगळीकडून बारीक टाके गेले की वरचं आणि खालचं कापड एकमेकांना धरून राहतं आणि मध्ये काही गोळा व्हायला जागाच उरत नाही. कानाच्या पुढच्या कातडीतून सुई आत जाते, कास्थीतून आरपार मागे निघते, थोड्या अंतरावरून तशीच परत पुढे येते, आणि गाठ बसते. असे काही टाके पडले की आवरण कास्थीला पुन्हा टेकतं. आठवडाभर ते टेकलेलं राहिलं की चिकटतं.

हे करायच्या दोन पद्धती रूढ आहेत आणि दोऱ्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

पहिली तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली. कानाभोवती भुलीची इंजेक्शनं देऊन कान पूर्ण बधिर करतात. कानाच्या बाहेरच्या वळीच्या आतल्या अंगाला, जिथे व्रण सावलीत लपेल तिथे, छोटा चिरा देतात. रक्ताची गाठ काढतात, सलाइनने धुतात. तुमच्या मुलाला नऊ दिवस होऊन गेलेत, म्हणजे आत नुसतं पातळ रक्त नसणार. तंतूंचा थर धरला असेल, तो खरवडून काढावा लागेल. मग कानाच्या पुढे आणि मागे कापसाच्या घट्ट गुंडाळ्या ठेवतात. दातांचे डॉक्टर गालात ठेवतात तशा, किंवा मलमात भिजवलेल्या गॉझच्या. आरपार टाके या गुंडाळ्यांवरून बांधतात. गुंडाळी नसेल तर ताणाखालचा दोरा थेट कातडीत रुततो आणि ती कापतो. हे टाके साधारण आठवड्याने काढायचे असतात, म्हणून दोरा नायलॉनचा किंवा पॉलिप्रोपिलीनचा, बहुधा ३-० किंवा ४-० जाडीचा (या आकड्यांचा अर्थ पुढे सांगते).

दुसऱ्या पद्धतीत गुंडाळ्या नसतात. विरघळणाऱ्या बारीक दोऱ्याने, ४-० किंवा ५-०, जास्त संख्येने आणि एकमेकांच्या जवळ आरपार टाके घालतात आणि ते तसेच सोडून देतात. दोरा आपोआप जातो. मुलाला कानावर बोचकं घेऊन फिरावं लागत नाही आणि टाके काढायची खेप वाचते. नुकत्याच झालेल्या, स्वच्छ फुगवट्याला ही पद्धत मला आवडते. तुमच्या मुलाच्या बाबतीत नऊ दिवस उलटलेत, दोनदा भरलंय, आत खरवडावं लागणार, म्हणजे नंतरही झिरपत राहणार. तिथे सगळीकडून सारखा दाब देणाऱ्या गुंडाळ्यांवर मी जास्त भिस्त ठेवीन. तुमच्या डॉक्टरांनीही बहुतेक असाच विचार केला असेल. कुठली पद्धत निर्विवाद वरचढ हे शास्त्रानेही ठरवलेलं नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००४ मधल्या आढाव्यात निवाडा करता येईल असे नीट बेतलेले अभ्यासच सापडले नव्हते. अशा वेळी ज्या डॉक्टरचा हात ज्या पद्धतीवर बसलाय तीच करू द्यावी. तुम्ही आग्रह धरून पद्धत बदलायला लावू नका.

आता जावेच्या बुगडीचं. ते काम वेगळं होतं. बुगडी कानाच्या वरच्या कडेला, कास्थीच्या भागात असते. लहान मूल ओढतं, पदर अडकतो, आणि भोकापासून कडेपर्यंत कातडी, आवरण, कास्थी सगळं चिरत जातं. खरोखरच दोन तुकडे होतात आणि ते जुळवावे लागतात. पण कास्थी टाका धरायला फार वाईट. ती लवचीक असली तरी ठिसूळ आहे. कडेच्या अगदी जवळून टाका घेतला आणि ओढला तर दोरा तिच्यातून सरळ चिरत बाहेर येतो. म्हणून कडेपासून थोडं अंतर सोडून, वरचं आवरण सोबत घेऊनच टाका घ्यायचा, कारण खरी पकड त्या आवरणाची असते. आणि दोरा ओढायचा नाही, कडा एकमेकींना भेटतील एवढाच आवळायचा. एक कड दुसरीवर चढू नये म्हणून काही जण आठाच्या आकड्यासारखा टाका घेतात. दोरा ५-० किंवा ६-०, विरघळणारा. न विरघळणारा आत कायम राहिला तर कानाच्या पातळ कातडीखाली गाठ हाताला लागते, कधी वर टोक काढते. कित्येकदा तर कास्थीला टाका घालतच नाहीत. तिची कड किंचित छाटून आत घेतात, वरची कातडी आणि आवरण नीट जुळवतात, आणि कास्थी आपसूक जागेवर राहते. जितका कमी दोरा आत, तितकं बरं, असा या कामातला अनुभवी लोकांचा कल असतो.

जावेच्या कानाला बाहेरून वेगळा दोरा होता का, विचारून बघा. बहुधा असणार. कातडीला ६-० नायलॉनचे टाके घालून पाच ते सात दिवसांत काढायची रीत आहे. कडेचा टाका घालताना कातडी मुद्दाम किंचित उंचावून शिवतात, नाहीतर व्रण आक्रसल्यावर कडेला खाच पडते. पुन्हा बुगडी घालायची असेल तर व्रणाच्या जागी टोचायचं नाही, बाजूला, आणि काही महिने गेल्यावर.

सुश्रुतसंहितेत फाटलेले कान जोडण्याच्या १५ रीती दिल्या आहेत, आणि शिवण्यासाठी कुठले धागे चालतील त्याची यादीही आहे. ताग, जवस, स्नायूचे तंतू, केस, गुळवेलीचे तंतू आणि अश्मंतकाची साल. अश्मंतक म्हणजे दसऱ्याला आपण सोनं म्हणून ज्याची पानं लुटतो तो आपटा. कोणत्या जखमेला कोणता धागा, हा प्रश्न तेव्हाच्या वैद्यालाही सुटला नव्हता, म्हणून तर यादी इतकी लांब.

आजची यादीही लांब आहे, पण मेडिकलच्या काउंटरवर तुम्हाला उपयोगी पडेल एवढंच सांगते. दोऱ्याच्या पाकिटावर ३-०, ४-०, ६-० असा आकडा असतो. शून्याआधीचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. ४-० दोऱ्याची जाडी ०.१५ ते ०.२ मिलिमीटर, ६-० ची ०.१ मिलिमीटरच्याही आत. नायलॉन आणि निळसर पॉलिप्रोपिलीन हे एकाच तंतूचे, गुळगुळीत. शरीर त्यांच्याशी फारसं भांडत नाही आणि जंतूंना लपायला त्यांत फटी नसतात. दुर्गुण एवढाच, की ते थोडे ताठ आहेत, गाठ निसटू नये म्हणून जास्त वेढे द्यावे लागतात. जखमेला शिवायचं रेशीम विणलेलं असतं, हाताळायला फार छान, पण त्याच्या विणीत ओल आणि जंतू शिरतात आणि भोवती लाली धरते. कानाच्या आरपार टाक्याला मी रेशीम वापरणार नाही.

विरघळणाऱ्यांत विक्रिल सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याची निम्मी ताकद साधारण तीन आठवड्यांत जाते आणि तो आठ ते दहा आठवड्यांत नाहीसा होतो. पीडीएस हा एकाच तंतूचा, महिन्यानंतरही बरीच पकड ठेवणारा, पूर्ण जायला सहा महिने किंवा थोडे अधिक घेणारा. कॅटगट मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्यापासून करतात. साधा असेल तर आठवडा-दहा दिवसांतच ढिला पडतो, क्रोमिक केलेला, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांची प्रक्रिया केलेला, थोडा जास्त टिकतो. पैलवानांच्या घरांत माळकरी पुष्कळ असतात, आणि आतड्याचा दोरा ही गोष्ट नंतर कळली तर काहींच्या मनाला लागते. तुमच्या घरी तसं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. विक्रिल आणि पीडीएस हे कृत्रिम दोरे आहेत, त्यांच्यावर काम निभतं.

मग ‘चांगल्यातला’ दोरा कोणता? तुमच्या मुलाच्या टाक्याकडून डॉक्टरांना काय हवंय ते बघा. आठ-दहा दिवस ढिला न पडता दाब धरायचा, त्या काळात जंतूंना थारा द्यायचा नाही, आणि काम झालं की पूर्ण निघून यायचं. हे सगळं साधा नायलॉन करतो. तो बाकीच्या बहुतेक दोऱ्यांपेक्षा स्वस्तही आहे, म्हणून कमी प्रतीचा ठरत नाही. जास्त पैसे देऊन सहा महिने आत राहणारा दोरा घातला तर कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कायमचा दोरा लागतो तो दुसऱ्याच कामाला. पुढे आलेले कान मागे वळवायच्या शस्त्रक्रियेत १९६३ मध्ये मस्टार्डे या स्कॉटलंडमध्ये काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाने कास्थीला घडी घालणारे टाके मांडले. तिथे कास्थी वर्षानुवर्षं मूळ आकारात परतायला बघते, म्हणून न विरघळणारा दोरा आत ठेवून देतात. तुमच्या मुलाची कास्थी कुठे पळू बघत नाही. तिला तिचं आवरण परत हवंय, बस्स.

दोरा बाहेरून आणायला सांगितला तर डॉक्टरांनी लिहिलेला आकडा आणि सुईचा प्रकार जसाच्या तसा मिळतोय ना, मुदत संपलेली नाही ना आणि पाकीट कुठे फाटलेलं नाही ना, एवढं बघा. दुकानदाराने ‘हा पण चालतोय’ म्हटलं तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापुरातच सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, तिथे कान-नाक-घसा विभाग आहे, आणि हे काम तिथल्या डॉक्टरांना नवं नाही.

टाके घातल्यावरचा आठवडा घरच्यांच्या हातात असतो. पहिल्या दिवशी कान ठणकतो, ते अपेक्षित आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका कमी व्हायला हवा. वाढत गेला, कान लाल-गरम झाला, ताप आला, वास यायला लागला, किंवा गुंडाळीच्या कडेला कातडी पांढरी-काळी दिसली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी गाठा. काळी पडणं म्हणजे टाका जास्त आवळलाय आणि सुजेमुळे आणखी रुततोय. वेळेत एखादा टाका सैल केला तर कातडी वाचते. लाली कशी पसरते तेही पाहा. वरचा सगळा कान लाल, सुजलेला आणि खालची पाळी मात्र साफ, असं असेल तर जंतू कास्थीच्या आवरणापर्यंत पोहोचलेत असं समजायचं. पाळीत कास्थी नसल्यामुळे ती सुटते. हा जंतू पुष्कळदा स्यूडोमोनास जातीचा निघतो आणि मेडिकलमधून आणलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिकला तो दाद देत नाही. त्यात चार-पाच दिवस गेले तर कास्थी विरघळते आणि मग कान नुसता मोडत नाही, बसतो. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर त्याच खेपेत घ्या.

हळद, माती, तेल काहीही लावू नका. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू, कापूर पडतो आणि ती अंगाला चांगली, असं तालमीत सगळे मानतात, अंगाला असेलही. उघड्या टाक्याच्या भोकांना नाही. झोपताना उजव्या कुशीवर. हेल्मेट आठवडाभर घालता येणार नाही, म्हणजे मोटारसायकलही नाही, मागे बसूनसुद्धा. ॲस्पिरिनची गोळी दुखण्यासाठी देऊ नका, रक्त पातळ होतं. डॉक्टरांनी लिहिलेलीच द्या. आणि पहिले काही दिवस जोर-बैठका बंद. त्याला हे पटणार नाही. दम कोंडून जोर मारला की डोक्याकडचा रक्तदाब चढतो आणि आत पुन्हा झिरपायला लागतं, हे त्याला सांगा. त्यानंतर चालणं, मग बैठका, असं डॉक्टरांना विचारून वाढवू दे. खुराक मात्र चालू राहू दे.

जत्रेच्या मैदानाबद्दल मी स्पष्टच लिहिते. ही जोड सोडा. हिशेब केला तर टाके आठवड्याने निघतील, पुढे आठवडा-दोन आठवडे आवरण नुकतंच चिकटलेलं असणार, आणि मैदान नेमकं त्याच दिवसांत येतंय. पहिल्या दिवसांतच टाके पडले असते आणि विरघळणारे असते, तर कान झाकून खेळायचा विचार मी केला असता. दोनदा भरलेला, उशिरा उघडलेला कान घेऊन हौद्यात उतरला तर पहिल्याच खडाखडीत सगळं मूळ पदावर येईल. जोड रद्द केली तर लोक बोलतील, इनाम जाईल, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षीही जत्रा आहे. त्याचं वय १७ आहे.

वस्तादांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मोडलेल्या कानाला तालमीत मान आहे, आणि ज्यांनी उभी हयात मातीत काढली त्यांच्यासाठी तो मिरवण्याचाच विषय आहे. मोडलेल्या कानाने बहुतेकांना ऐकायलाही नीट येतं. कानाचं भोकच आक्रसलं तर गोष्ट वेगळी. पण वस्तादांना दोन गोष्टी विचारून बघा. त्यांच्या बघण्यातल्या किती पोरांचा कान मोडण्याआधी पिकला होता? आणि ज्यांनी पुढे कुस्ती सोडली, त्यांच्यातल्या कितीजणांना तो कान नकोसा झाला? मोडून घट्ट झालेला कान नंतर नीट करायचा म्हणजे आतली नवी कास्थी कोरून काढायची. ते काम आजच्या टाक्यांच्या कैकपट अवघड, आणि मूळ आकार पुरता परत येत नाही. मुलाला सज्ञान झाल्यावर मोडका कान हवा असेल तर ती वाट कायम मोकळी आहे. उलट वाट नाही.

तुमच्या मुलाचा कान टाक्यांनंतर अगदी पूर्वीसारखा होईल असं वचन मी देणार नाही. नऊ दिवसांत थोडी जाडी आली असेल, ती राहील. समोरून बघणाऱ्याच्या लक्षात येणार नाही इतपत तो होण्याची शक्यता चांगली आहे.

पुन्हा लढतीला उभा राहील तेव्हा सरावात कान झाकणारं हेडगिअर घालू द्या. अमेरिकेतल्या ५३७ पैलवानांचा एक अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. हेडगिअर न घालणाऱ्यांत ५२ टक्क्यांना असा फुगवटा येऊन गेला होता, घालणाऱ्यांत २६ टक्क्यांना. म्हणजे पूर्ण संरक्षण नाही, पण निम्मं संकट टळतं. मऊ, कानाच्या कप्प्याला भोकं असलेलं आणि हनुवटीखाली पट्टा बसणारं घ्या. सैल हेडगिअर फिरतं आणि स्वतःच कान रगडतं, तेव्हा मापाने घ्या, वाढत्या अंगाचं म्हणून एक माप मोठं नको. तालमीत सुरुवातीला चेष्टा होईल. वस्तादांनी एकदा सगळ्यांसमोर ‘घाल’ म्हटलं की ती थांबेल, म्हणून त्यांना आधी विश्वासात घ्या.

उजव्या कानाकडेही लक्ष असू द्या. एक कान गेलेला पैलवान दुसरा बाजू करून लढतो आणि मार तिकडे बसतो. तो फुगला तर त्याच संध्याकाळी लढत थांबवायची, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट कानाच्या डॉक्टरांकडे. तालमीतल्या कुणी सिरिंज आणून रक्त ओढून देतो म्हटलं तर त्याला हात लावू देऊ नका.